हसण्यासाठी निश्चिंती हवी

पिंपरी-चिंचवड शहरात नाट्यगृहांची वाण नाही. चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीच्या संत तुकारामनगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे आणि पिंपळे गुरवला निळू फुले यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये याच शहरात भरले. कारखान्यांचे गाव म्हणून ज्याला पुणेकरांनी वर्षानुवर्षे नाक मुरडले, त्या गावाने सांस्कृतिक प्रतिष्ठेची ही पायरी चढावी, ही आनंदाचीच गोष्ट होय.

या संमेलनाच्या थाटामाटापेक्षा शहराची नाडी अधिक अचूक सांगणारा एक प्रकार मात्र अलीकडे रुजला आहे. शनिवारी-रविवारी रात्री होणारा, एकाच माणसाने उभा केलेला विनोदाचा कार्यक्रम. तरुण मंडळी त्याला 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात. रंगमंचावर नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, साथीदार नाहीत. एक माइक, एक उंच स्टूल, त्यावर पाण्याची बाटली आणि समोर अंधारात बसलेले प्रेक्षक, एवढ्या सामग्रीवर एक तरुण किंवा तरुणी तास-दीड तास आपले घर, आपली नोकरी, आपले लग्न आणि आपले शहर यांविषयी बोलत राहते. कधी नाट्यगृहात, तर अधिक वेळा एखाद्या कॅफेच्या माडीवर किंवा मॉलमधल्या छोट्या सभागृहात हे कार्यक्रम होतात. प्रेक्षक मनमोकळे हसतात, आणि आठवड्याचा शीण उतरवून घरी जातात.

हे प्रेक्षक कोण असतात? संगणक कंपन्यांतील नोकरदार, बँकांतील अधिकारी, महाविद्यालयीन विद्यार्थी, नवविवाहित जोडपी. त्यांनी हसू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या हातांनी हे शहर उभे राहिले आणि ज्यांच्या हातांवर ते आजही चालते, तो कारखान्यातील कामगार या अंधाऱ्या सभागृहात शोधूनही सहजी सापडत नाही. त्याला विनोदाची आवड नाही म्हणावे, तर त्याच्या खिशातील मोबाइलवर जेवणाच्या सुट्टीत विनोदाचेच तुकडे चालू असतात. मग तो येत का नाही? प्रश्न करमणुकीचा वाटला, तरी त्याचे उत्तर करमणुकीपाशी थांबत नाही. ते कामगाराच्या घड्याळापर्यंत आणि तेथून त्याच्या नेमणुकीच्या कागदापर्यंत जाऊन पोहोचते.

एकट्या माणसाने उभे राहून लोकांना हसवण्याचा प्रकार या भूमीला नवा नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. या दोन्ही ठिकाणी शतकानुशतके कीर्तनकार एकटाच उभा राहिला आहे आणि परमार्थ सांगता सांगता त्याने गावच्या पाटलालाही चिमटे काढले आहेत. एकनाथांच्या भारुडातील सोंगे ही तर उघडउघड विनोदाची पात्रे. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने वर गेले की नारायणगाव लागते. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे जत्रा-पंच सुपारी देण्यासाठी येतात. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या सावकारापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाची गय करीत नाही आणि पुढच्या रांगेत बसलेला पुढारीही त्यावर हसल्यावाचून राहत नाही.

शिक्षित मध्यमवर्गाच्या रंगभूमीवर हीच परंपरा १९६० च्या दशकाच्या आरंभी पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी करून आणली. त्याच काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने गावोगावची सभागृहे भरली. पुढे औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात पन्नासाहून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने रंगवल्या. या प्रयोगाचे महत्त्व नुसत्या संख्येत नाही. मराठवाड्याच्या खेड्यातील बोली तोवर शहरी रंगमंचावर बहुधा नोकराच्या किंवा बावळटाच्या तोंडी घातली जात असे. देशपांडे यांनी ती निवेदकाच्या आणि नायकाच्या तोंडी दिली. प्रेक्षक त्या बोलीला न हसता त्या बोलीतून जगाला हसू लागले. विनोद कोणाकडे पाहून केला जातो, यापेक्षा तो कोठे उभे राहून केला जातो, हे अधिक महत्त्वाचे असते, एवढे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

आता कारखान्याकडे वळू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने या परिसरात स्थिरावले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका, अशा वेगाने चार-दोन खेड्यांचे महानगर बनले. सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून तरुण आले. त्यांच्या मागून केरळ, कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि बिहारमधलेही आले. हे सगळे परस्परांना परके होते. त्यांना एकमेकांची ओळख करून दिली ती यंत्रावरच्या शेजाराने, कंपनीच्या बसने, गणेशोत्सवाने आणि वार्षिक स्नेहसंमेलनाने.

या स्नेहसंमेलनांकडे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेशा आदराने पाहिलेले नाही. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्या अधिकाऱ्याच्या चालण्याची, खाकरण्याची आणि इंग्रजी झाडण्याची नक्कल त्याच्याच समोर करण्याची मुभा कामगाराला त्या एका संध्याकाळी मिळे. अधिकारी हसे, कारण न हसणे अधिक हास्यास्पद ठरले असते. मुंबईतील हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तेलुगू तरुणाने कंपनीच्या अशाच एका समारंभात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या. त्याच्या सहकाऱ्यांनी त्या दिवसापासून त्याला कंपनीचेच नाव चिकटवले. तोच पुढे देशभर गाजलेला जॉनी लिव्हर. १९८१ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. ज्यांच्या नावाचे रंगमंदिर आज पिंपळे गुरवला उभे आहे ते निळू फुले हे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत असत आणि सेवादलाच्या कलापथकातून व लोकनाट्यातून पुढे आले. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनीही कित्येक कामगारांच्या तोंडाला रंग लागला. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यामागे ही दृष्टी निश्चितच होती की, कामगार हा केवळ दोन हातांचा मालक नसून त्याला मनही असते.

मग हा झरा आटला कोठे? अनेकांच्या मनात पहिले उत्तर येईल ते तिकिटाच्या दराचे. त्यात तथ्य नाही असे नाही. समजा तिकीट पाचशे रुपयांचे आहे, तर नवरा-बायकोच्या एका संध्याकाळचा खर्च कंत्राटी कामगाराच्या दोन दिवसांच्या मजुरीच्या आसपास जातो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे उत्तर अपुरे ठरते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगभूमीच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा सिद्धांत सोपा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात आणि तितक्याच श्रमात अधिक माल निघतो. रंगभूमीवर तसे होत नाही. आकुर्डीत १९७२ पासून चेतक स्कूटर तयार होऊ लागली. तेव्हा एका वाहनाला जितके मानवी श्रम लागत, त्याच्या अंशाएवढेच आज लागतात. परंतु दोन तासांच्या एकपात्री प्रयोगाला तेव्हाही एका नटाचे दोन तास लागत आणि आजही तेवढेच लागतात. इतरत्र वेतन वाढत गेले की नटाचेही वाढवावे लागते, आणि म्हणून प्रत्यक्ष रंगमंचावरची कला इतर वस्तूंच्या तुलनेने महाग होत जाते.

परंतु याच सिद्धांताची दुसरी बाजू अशी की, रंगभूमीच्या सर्व प्रकारांत एकट्याचा विनोद हा सर्वांत स्वस्त पडणारा प्रकार आहे. बारा पात्रांच्या नाटकाला जो प्रवासखर्च, जे नेपथ्य आणि जे ट्रक लागतात, त्यांतले येथे काहीही लागत नाही. भाड्याचे सभागृह आणि एक माणूस! हा कार्यक्रम शंभर रुपयांतही बसवता येईल. म्हणजे पैशाची अडचण खरी असली, तरी ती दूर करण्याजोगी आहे. इतका स्वस्त पडू शकणारा प्रकारही जर कामगारापर्यंत पोहोचत नसेल, तर त्याचे कारण पैशाहून वेगळे असले पाहिजे.

त्यांतले एक कारण वेळेचे आहे. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्री साडेनऊला कार्यक्रम सुरू होतो, तेव्हा दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रावर असतो. तिसऱ्या पाळीचा डबा भरून कंपनीच्या बसची वाट पाहत असतो. पहिल्या पाळीचा मोकळा असतो खरा, पण पहाटे उठायचे असल्याने तो अंथरुणाला टेकलेला असतो. पाळ्या बदलत राहतात, त्यामुळे पुढच्या आठवड्याची तिकिटे आज काढून ठेवावीत ही मध्यमवर्गाची सवय त्याला परवडत नाही. त्यातही विशेष असे की, विजेच्या वाटपाच्या सोयीने भोसरी-पिंपरी पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी पडत आली आहे आणि विनोदाचे कार्यक्रम मात्र शनिवार-रविवारी. शहर एक, पण त्याचे दोन आठवडे! एकाचा रविवार तो दुसऱ्याचा कामाचा दिवस. चाकणच्या कामगाराची गत आणखी बिकट. वाहनांनी तुंबलेल्या पुणे-नाशिक रस्त्यावरून भोसरी किंवा चिंचवड गाठण्यातच त्याची संध्याकाळ संपते. कामाचे तास आठवड्याला ४८ असावेत, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवले. उरलेले तास कामगाराचे स्वतःचे असतील, हे त्या कायद्यात गृहीत होते. प्रवास, ओव्हरटाइम आणि पाळ्यांची फेरबदल यांनी ते तास केव्हा गिळून टाकले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

परंतु वेळेहूनही खोल असे दुसरे कारण आहे आणि तेच या विवेचनाचा गाभा होय. विनोद करण्यासाठी आणि मोकळेपणी हसण्यासाठीही पायाखाली थोडी स्थिर जमीन लागते. साहेबाची नक्कल करणारा तो जुना कामगार धाडसी होता हे खरे, पण त्याच्या धाडसामागे कायम नोकरीचा आधार होता. त्याचे नाव हजेरीपटावर होते, पाठीशी संघटना होती आणि उद्या सकाळी गेटवर आपल्याला आत घेतले जाईल, याविषयी त्याला शंका नव्हती. आजच्या कारखान्यात त्याच यंत्रावर उभा असलेला तरुण बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याचे ओळखपत्र वेगळ्या रंगाचे, त्याची कँटीनमधली रांग पुष्कळदा वेगळी, आणि काही महिन्यांनी मिळणारा 'ब्रेक' ठरलेला. तो सुपरवायझरची नक्कल करील काय? करील, पण मित्रांच्या खोलीवर, दार लावून.

ही स्थिती अपवादात्मक राहिलेली नाही. केंद्र शासनाच्या वार्षिक औद्योगिक पाहणीचे आकडे बोलके आहेत. २००० च्या सुमारास देशातील संघटित कारखान्यांमधल्या दर पाच कामगारांत एक कंत्राटी होता. २०२२-२३ पर्यंत हे प्रमाण दर पाचांत दोन इतके झाले. कंत्राटी पद्धतीचे नियमन आणि शक्य तेथे निर्मूलन व्हावे म्हणून १९७० मध्ये खास कायदा करण्यात आला. त्यानंतरच्या अर्धशतकात नेमके उलटे घडले. या बदलाची मीमांसा आजवर वेतनाच्या, भविष्यनिर्वाह निधीच्या आणि अपघात-भरपाईच्या अंगाने झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु असुरक्षित नोकरी माणसाची जीभही बांधते, हसूदेखील जपून हसायला शिकवते, या नुकसानीची नोंद कोणत्याच पाहणीत होत नाही. स्नेहसंमेलने आजही होतात, परंतु कंत्राटी कामगार तेथे असलाच तर बहुधा खुर्च्या मांडण्यासाठी असतो.

याचा परिणाम विनोदावर झाल्यावाचून कसा राहील? माइक हाती घेणारा तरुण ज्या जगातून येतो, त्याच जगाविषयी बोलणार, यात त्याचा दोष नाही. गृहनिर्माण संस्थेतील भांडणे, परदेशी जाऊ पाहणारे मित्र, इंग्रजी शाळांतील पालक, लग्न जुळवणारी संकेतस्थळे आणि हिंजवडीची वाहतूक कोंडी, हे त्याचे विषय असतात. यांतले बरेचसे विनोद खरोखर चतुर असतात. परंतु या कथनात कामगार येतो तो फाटकावरचा रखवालदार म्हणून किंवा पत्ता चुकलेला डिलिव्हरीवाला म्हणून. त्याची बोली पुन्हा एकदा हशा पिकवण्याचे साधन बनते. लक्ष्मण देशपांडे यांनी जी बोली निवेदकाच्या आसनावर नेऊन बसवली होती, ती पुन्हा दाराबाहेर उभी केली जाते. विनोदाची दिशा वरून खाली झाली की तो बोचत नाही, नुसता ढकलतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आज मोबाइलवर विनोदाचे एवढे भांडार फुकट खुले असता कामगाराने सभागृहात येण्याची गरजच काय? नव्या माध्यमाने पुष्कळ दारे उघडली, हे नाकारण्याचे कारण नाही. 'भाडिपा'सारख्या मंडळींनी मराठी विनोदाला नवा श्रोता मिळवून दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झाकीर खान या इंदूरच्या कलावंताने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला. परंतु शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये दाखवून दिले, की एकाच कलावंताला अगणित श्रोत्यांपर्यंत नेणारी साधने आली म्हणजे मोजक्या ताऱ्यांची मिळकत आभाळाला भिडते आणि गावचा कलावंत मात्र मागे पडतो. शिवाय एकट्याने कानात तार घालून हसणे आणि पाचशे जणांत हसणे, यांत मूलभूत भेद आहे. आपल्याला जे हास्यास्पद वाटते ते शेजारच्या अनोळखी माणसालाही तसेच वाटते, याचा साक्षात्कार फक्त सभागृहात होतो. माणसांचा जमाव समाज बनतो तो अशा साक्षात्कारांतून. परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या माणसांच्या या शहराला त्याची गरज इतरांहून अधिक आहे.

विनोदाच्या स्वातंत्र्याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या राजकीय विडंबनानंतर मुंबईत खार येथील ज्या सभागृहात ते सादर झाले, त्याची मोडतोड झाली. त्यावर देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ज्या महाराष्ट्रात सोंगाड्याने पाटलाला त्याच्या तोंडावर हसवले, तेथे खुर्च्यांवर राग काढला जावा ही भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु रंगमंचावर एका कलावंताचा आवाज दाबला की तो निदान ऐकू तरी येतो. यंत्रावर उभ्या असलेल्या हजारोंनी ओठांवर आलेली कोटी गिळून टाकली, तर त्याचा आवाजच होत नाही.

उपाय अवघड नाहीत. नाट्यगृहे महापालिकेची आहेत, म्हणजेच नागरिकांच्या पैशाची आहेत. त्यांपैकी काहींत गुरुवारचा दिवस अल्प भाड्यात एकपात्री प्रयोगांसाठी राखून ठेवावा आणि पहिली पाळी सुटल्यानंतर, संध्याकाळी पाचला, कार्यक्रम सुरू करावा. दुसऱ्या पाळीच्या कामगारांसाठी सकाळचा एखादा प्रयोग लावून पाहावा. मुंबईच्या गिरणगावाने कामगारांची रंगभूमी जगवली ती याच न्यायाने, कामगाराच्या वेळापत्रकाशी जुळवून घेऊन. चाकणमधल्या मोठ्या कारखान्यांनी आपली सभागृहे महिन्यातून एकदा मोकळी करावीत. कामगार संघटनांनी वेतन-करारांच्या मागण्यांत स्नेहसंमेलनाचे एक कलम घालावे आणि त्यात 'कायम व कंत्राटी दोन्ही' हे शब्द आग्रहाने लिहून घ्यावेत. तरुण विनोदकारांनीही पाळीच्या बसमधून एकदा प्रवास करावा. त्यांना विषयांची ददात पडणार नाही.

परंतु या सर्व उपायांना एक मर्यादा आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सभागृहाचे भाडे कमी करून प्रेक्षक आणता येतील, निर्भय प्रेक्षक आणता येणार नाहीत. त्यासाठी कामगाराच्या हाती असा कागद हवा, ज्यावर ठेकेदाराऐवजी कारखान्याचे नाव असेल आणि ज्याची मुदत पुढच्या महिन्यात संपणार नसेल. नोकरीच्या शाश्वतीचा विचार आजवर चुलीच्या संदर्भात झाला. तो हसण्याच्या संदर्भातही व्हायला हवा. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या कंत्राटी कामगाराने आपल्याच सुपरवायझरची नक्कल भरल्या सभागृहात करावी, पहिल्या रांगेत बसलेल्या सुपरवायझरने पोट धरून हसावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी एकाच गेटमधून आत जावे. तो दिवस उजाडेल तेव्हा या औद्योगिक नगरीची प्रगती झाली, असे म्हणायला हरकत नाही.